औषधाचा डबा

आपल्याकडे प्रत्येक घरात एक बिनपदवीचा डॉक्टर असतो. तो बहुधा घरातला सर्वांत जास्त शिकलेला माणूस असतो. मग त्याचे शिक्षण कशातले का असेना! आमच्या घरात हा मान माझ्याकडे आला. मी कॉलेजात मराठी शिकवतो. जुन्या पोथीतला अडलेला शब्द सोडवणे आणि औषधाच्या वेष्टनावरची मुंगीच्या पावलांसारखी अक्षरे वाचणे ही एकच विद्या आहे, असा आमच्या आळीचा समज आहे. खरे सांगायचे तर तो समज मी कधी मोडून काढला नाही. मोठेपणा फुकट मिळत असेल तर तो कोण नाकारील?

या माझ्या दवाखान्याची सारी मालमत्ता एका पत्र्याच्या डब्यात होती. डबा मूळचा बिस्किटांचा. त्याच्या झाकणावरची गुबगुबीत मुलगी गंजून गंजून आता एका डोळ्याची झाली होती. त्यात तापाच्या गोळ्या होत्या, अंगदुखीच्या होत्या, कोणाच्या तरी जुन्या खोकल्याच्या अर्ध्या पट्ट्या होत्या, आणि त्या त्या वेळी डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठ्याही होत्या. चिठ्ठी जपून ठेवणे हे शहाणपणाचे लक्षण आहे असे मला वाटे. एकदा लागू पडलेले औषध पुन्हा लागू पडणारच. मग पुन्हा डॉक्टरची पायरी कशाला चढायची? ज्याने एका परीक्षेत पहिला वर्ग मिळवला तो पुढच्या परीक्षेतही मिळवील, असे मानणाऱ्या पालकांना मी हसत असे. औषधाच्या बाबतीत मात्र माझा तर्क नेमका तोच होता.

आमचे घर अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीला लागून आहे. इथे रात्रंदिवस मागांची खटखट चालू असते. नव्या पाहुण्याला पहिल्या रात्री त्या आवाजाने झोप येत नाही, आणि आम्हांला तो आवाज थांबला की जाग येते. वीज गेली की सारी वस्ती एकदम डोळे उघडते. गल्लीच्या एका टोकाला तेलुगू बोलतात, दुसऱ्या टोकाला कन्नड, आणि भांडण मात्र सर्वांच्या सोयीसाठी मराठीत होते. गुरुवारी या रस्त्याने स्वामींच्या दर्शनाला माणसे चालत जाताना दिसतात. एरवी चादरींचे आणि टॉवेलांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, याच एमआयडीसीत पस्तीस वर्षे जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. कारागीर माग चालवतो. माग रुसला की जॉबरला हाक मारतात. अण्णांचा एक नियम होता आणि तो त्यांनी नव्या पोरांच्या कानांत घालून घालून पक्का केला होता. ते म्हणत, "आधी माग बंद कर, मग दोष शोध. चालत्या मागात हात घालणारा एक तर कापड घालवतो, नाही तर बोट." हे वाक्य मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकले. पण बापाची वाक्ये ऐकण्यासाठी असतात, वापरण्यासाठी नसतात, अशी मुलांची एक समजूत असते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. श्रावण नुकता लागला होता आणि अण्णांची दाढ सुजली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांवर वाढलेला माणूस पेजेवर आला. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, सूज उतरली की दाढ काढू म्हणाले. सूज उतरली. सूज उतरल्यावर दाढ काढायला कोण जातो? अण्णाही गेले नाहीत. दोन आठवड्यांनी गाल पुन्हा फुगला. मी डबा काढला, चिठ्ठी काढली आणि औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तारीख पाहिली नाही आणि मी दाखवली नाही. "पाच दिवसांच्या गोळ्यांनी अर्धवट गुण आला, तेव्हा या खेपेला दहा दिवसांच्या घ्याव्यात," असा विचार मी केला. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला दुप्पट अभ्यास सांगावा, तसा. गोळ्या संपल्या, दाढ शांत झाली आणि मी स्वतःवर खूश झालो.

गणपती बसले त्या सुमारास अण्णांच्या अंगाला खाज सुटली. आधी तळहातांना आणि तळपायांना, मग सर्वांगाला. दिवसा जरा बरे, पण रात्री त्यांना झोप म्हणून येईना. "लई खाजलालंय रे," असे म्हणत ते खाटेवर उठून बसत आणि सोलापुरी टॉवेलाने पाठ खसाखसा घाशीत. सुताच्या तुसाने असेल, असे कोणी म्हणाले. पण माग सोडून त्यांना चौदा वर्षे झाली होती! मी म्हणालो, "पित्त उठलं असेल."

इथे मला माझ्या विषयाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. पित्त या शब्दाइतका राबवून घेतलेला शब्द मराठीत दुसरा सापडायचा नाही. छातीत जळजळले की पित्त, डोके दुखले की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, आणि माणूस रागावला की त्याचे पित्त खवळते. वास्तविक छातीत जळजळते ते बहुधा जठरातले आम्ल असते, आणि गांधींचा यकृताशी सहसा संबंध नसतो. शब्द एक आणि दुखणी दहा. त्यामुळे ज्या वेळी खरोखरच पित्ताचे दुखणे घरात शिरले, त्या वेळी मी अगदी बरोबर शब्द उच्चारला आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. मी अण्णांना आवळ्याचे सरबत दिले.

चार दिवसांनी लघवी गडद झाली, चहाच्या काढ्यासारखी. शौचाचा रंग उडाला. मग एका सकाळी उन्हात बसलेल्या अण्णांच्या डोळ्यांकडे माझ्या पत्नीचे लक्ष गेले. ती आत आली आणि हळूच म्हणाली, "अहो, अण्णांचे डोळे बघा." कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते असे आपण म्हणतो. ते खरे नाही. त्या बिचाऱ्याला जग आहे तसेच दिसते. जगालाच तो पिवळा दिसतो.

कावीळ म्हटल्यावर घरात सल्ल्यांचा पूर आला. कोणी गळ्यात घालायची माळ सुचवली, कोणी हातावर चुना चोळून पिवळे पाणी उतरवणारा माणूस. शेजारच्या अक्का मात्र सल्ला देऊन थांबल्या नाहीत. त्यांच्या अंगणातल्या कडुलिंबावर गुळवेल चढली आहे. त्या रोज सकाळी तिचा काढा करून पाठवू लागल्या. त्या काढ्यामागे माया होती, आणि मायेला नाही म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

शेवटी अण्णांना रुग्णालयात ठेवावे लागले. बिलिरुबिन म्हणून रक्तातले एक पिवळे द्रव्य मोजतात. ते एकाच्या आसपास असावे, अण्णांचे चौदावर गेले होते. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. सोनोग्राफी झाली, पित्ताच्या नळीत खडा नाही, गाठ नाही, नळी फुगलेलीही नाही. एक तरुण डॉक्टरीणबाई अण्णांकडे पाहत असत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, गेल्या दोन-तीन महिन्यांत यांनी कोणकोणती औषधं घेतली? डॉक्टरांची, दुकानातली, झाडपाल्याची, सगळी सांगा."

मी म्हणालो, "दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. बाकी काही नाही."

वाचकहो, हे वाक्य मी वर्गात शिकवताना जितक्या सहजपणे बोलतो तितक्याच सहजपणे बोललो. दहा दिवसांच्या गोळ्यांबद्दल मी बोललो नाही. काढ्याबद्दलही नाही. काढा तर रोज सकाळी पितळी तांब्यातून रुग्णालयात येत होता आणि परिचारिका पाठमोरी झाली की मीच तो अण्णांना देत होतो. मी खोटे का बोललो? शिक्षा होईल म्हणून नव्हे. मला शहाणा समजणाऱ्या माणसांपुढे मूर्ख ठरू नये, एवढ्यासाठीच. माणूस पापाला जितका भीत नाही तितका तो आपला मूर्खपणा उघडकीला येण्याला भितो.

दोन दिवस गेले. बिलिरुबिन चढतच राहिले. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीत रंग सोडायचा आणि अडथळा शोधायचा, असा विचार डॉक्टर करू लागले. वृद्ध माणसाला त्यात धोका असतो, संमतीची सही लागेल, असे मला सांगण्यात आले. कागद माझ्यापुढे आला. त्या कागदावर सही करण्यासाठी पेन उघडले आणि माझा हात थांबला. शेजारी खाटेवर अण्णा खाजवून खाजवून रक्ताळलेले हात पांघरुणाखाली लपवून पडले होते. "आधी माग बंद कर." हे त्यांचे वाक्य मला त्या वेळी आठवले. मी मात्र माग चालूच ठेवला होता, आणि हात घालायला दुसऱ्यांना सांगत होतो.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी मला बसायला सांगितले आणि कागदाच्या पाठीवर एक आकृती काढून समजावून दिले. त्यांनी जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते थोडक्यात असे.

यकृत हे सुमारे दीड किलो वजनाचे, शरीराच्या आतले सर्वांत मोठे इंद्रिय. आपण जे जे गिळतो ते आतड्यातून रक्तात शोषले गेले की बहुतेक सारे आधी यकृताकडे जाते, पूर्वी गावात येणारी गाडी जकात नाक्यावर थांबे तसे. अन्न असो, दारू असो की औषध, त्याची झडती तिथे होते. हा कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो आणि दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतो. हे पित्त यकृताच्या पेशींमधल्या केसाहून बारीक नाल्यांतून वाहत मोठ्या नळीत येते आणि आतड्यात उतरते. तिथे ते स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करते, आणि शिळ्या झालेल्या रक्तातले पिवळे द्रव्य शरीराबाहेर नेते. पण या बारीक नाल्यांत पित्त आपोआप वाहत नाही. पेशींच्या कडांना सूक्ष्म पंप असतात. ते पित्त नालीत ढकलतात.

काही औषधे, किंवा त्यांचे पोटात गेल्यावर होणारे तुकडे, हे पंप मंद करतात. काही औषधांमुळे शरीराचे स्वतःचे पहारेकरीच बिथरतात आणि पित्तनाल्यांच्या अस्तरावर तुटून पडतात. खडा नाही, गाठ नाही, तरी प्रवाह थांबतो. मग आतड्यात जायचे ते रक्तात परतते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौच पांढरट होते, आणि पित्ताबरोबर जायची द्रव्ये अंगात साचून कातडी खाजू लागते. पित्ताशिवाय के जीवनसत्त्व शोषले जात नाही, म्हणून रक्त गोठायलाही वेळ लागू लागतो.

अण्णांना दिलेल्या गोळीत अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्युलानिक आम्ल यांची जोडी होती. जंतू पहिल्याला फोडून टाकतात म्हणून दुसरे त्याच्या सोबतीला दिलेले असते. या दुखण्याचा दोष मुख्यतः त्या सोबत्याकडे जातो. चांगले औषध आहे. जगभर लाखो लोक ते घेतात आणि बरे होतात. पण क्वचित एखाद्याच्या यकृताला ते सोसत नाही. आइसलँड या चिमुकल्या देशात साऱ्या औषधांची नोंद ठेवतात. तिथे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे 2,350 माणसांत एक असे आढळले. उतारवयातल्या पुरुषांत हे जास्त दिसते, आणि गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर धोका वाढतो. सर्वांत फसवी गोष्ट ही की, कावीळ पुष्कळदा गोळ्या संपल्यानंतर काही आठवड्यांनी दिसू लागते. तोवर माणूस ती गोळी विसरलेला असतो.

हे दुखणे काही आजचे नाही. 1952 च्या सुमारास मनोरुग्णांसाठी क्लोरप्रोमाझिन हे औषध आले आणि वेड्यांच्या रुग्णालयांचे रूप पालटले. पण त्याबरोबर शंभरात एखाद्या रुग्णाला अशीच खाजरी कावीळ होऊ लागली, तेव्हा डॉक्टर सावध झाले. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीदेखील मापाबाहेर घेतली तर यकृताच्या पेशी मारते; फरक एवढाच की ती मापाबाहेर कोणालाही बाधते, आणि अण्णांची गोळी मापात असून एखाद्यालाच. औषधाने यकृताच्या पेशींनाच इजा होऊन कावीळ दिसू लागली तर सुमारे दहांतला एक रुग्ण दगावतो, असे हायमन झिमरमन या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. पित्त तुंबण्याचा प्रकार त्या मानाने सौम्य, पण म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत सौम्य हा शब्द जपूनच वापरावा.

"आणि गुळवेल?" मी विचारले.

"ती आज बंद करा," त्या म्हणाल्या. करोनाच्या काळात घरोघरी लोक गुळवेलीचा काढा पिऊ लागले होते. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वनस्पती नीट ओळखली गेली का, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी घोटाळा तर झाला नाही, असे प्रश्न विचारले. तो वाद जाणत्यांनी चालवावा. पण आजारी यकृतापुढे आणखी एक अनोळखी पाहुणा बसवू नये, एवढे समजायला पंडित असण्याची गरज नाही. मी अक्कांकडे जाऊन काढा बंद करायला सांगितला. त्यांना वाईट वाटले. त्या म्हणाल्या, "मग पोरा, मी काय करू त्यांच्यासाठी?" मी म्हणालो, "रोज येऊन बसा त्यांच्याजवळ." आणि त्या खरोखरच येऊन बसत.

दुर्बिणीचा बेत पुढे ढकलला गेला. के जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, खाजेवर औषध दिले, आणि बाकी उपाय एकच: थांबणे. उर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल नावाच्या गोळ्याही दिल्या. या आम्लाचे नाव अस्वलाच्या लॅटिन नावावरून पडले. अस्वलाच्या पित्तात ते पहिल्यांदा सापडले, आता कारखान्यात तयार होते. हे ऐकून अण्णा पंधरा दिवसांत प्रथमच हसले. "म्हणजे आता अस्वलासारखं खाजवायला हरकत नाही," म्हणाले.

त्याच दिवसांत शेजारच्या खाटेवर एक तरुण विणकर होता. त्याला क्षय झाला होता, आणि क्षयाच्या गोळ्यांनी त्याचे यकृत सुजले होते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही क्षयाची मोठी हत्यारे. तिन्ही यकृताला बाधू शकतात. माझ्या मनात तेव्हा सगळ्याच औषधांबद्दल अढी बसली होती. मी त्याला म्हणून गेलो, "सोडून दे बाबा त्या गोळ्या." डॉक्टरीणबाईंनी ते ऐकले आणि त्या पहिल्यांदा माझ्यावर रागावल्या. "सर, या गोळ्या नसत्या तर याचं काय झालं असतं? आम्ही थांबवल्यात, सोडलेल्या नाहीत." पुढे रक्त सुधारल्यावर त्यांनी एकेक गोळी मोजून मापून पुन्हा सुरू केली, दर वेळी रक्त तपासून. मनाने औषध सुरू करणे हा जसा अडाणीपणा, तसाच मनाने औषध बंद करणे हाही. आणि एका महिन्यात मी दोन्ही अडाणीपणा करून चुकलो होतो.

अण्णांना मात्र मी अजून काही सांगितले नव्हते. एका रात्री ते जागे होते, मीही जागा होतो. मी सांगून टाकले. दहा दिवसांच्या गोळ्या माझ्या मनाच्या होत्या, हे सांगितले. ते डॉक्टरांपासून दोन दिवस लपवले, हेही सांगितले. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोळ्यांचं जाऊ दे. पहिल्या पाचांनीच झालं असेल, कोण सांगणार? पण ते दोन दिवस तू बोलला नाहीस, ते वाईट. कारागिरानं खरं सांगितलं नाही तर जॉबरनं माग कसा दुरुस्त करायचा?"

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "रंगखान्याची मोरी तुंबली की रंग सगळ्या शेडभर होतो, तसं झालं बघ माझं." जे समजायला मला आकृती लागली, ते त्यांना मोरीवरून समजले होते.

आपण लाडक्या मुलाला काळजाचा तुकडा म्हणतो. काळीज म्हणताना आपण छातीच्या डाव्या बाजूला हात नेतो. पण खाटकाच्या दुकानात काळीज मागा. तो तुम्हांला हृदय देणार नाही, यकृत देईल. भाषेचा मास्तर असून मला या शब्दाकडे नीट पाहायला अण्णांचे काळीज तुंबावे लागले.

दिवाळीपर्यंत पिवळेपणा ओसरत आला. नरकचतुर्दशीला पहाटे पत्नीने अण्णांना तेल लावले, मी पाणी काढले. अंगावरच्या ओरखड्यांवर खपल्या होत्या, पण खाज नव्हती. बाहेर फटाके वाजत होते, आणि माग बंद होते. दिवाळीचे ते दोन-तीन दिवस आमच्या वस्तीत खरी शांतता असते. आंघोळ करून अण्णा दारातल्या पणत्यांपाशी येऊन बसले. मी वाकून त्यांच्या डोळ्यांत पाहिले. ते म्हणाले, "काय बघतोस? पांढरेच आहेत." मग बारीक आवाजात म्हणाले, "दाढ मात्र काढायची राहिली रे." दिवाळी संपल्यावर ती काढली, या वेळी दातांच्या डॉक्टरांना सारी हकीकत आधी सांगून.

तो डबा अजून कपाटावर आहे. गोळ्या मी काढून टाकल्या. आत आता एक वही आहे. घरातल्या कोणी कोणत्या तारखेला कोणते औषध, कोणाच्या सांगण्यावरून, किती दिवस घेतले, ते तिच्यात लिहिलेले असते. काढे आणि चूर्णेसुद्धा. पहिल्या पानावर अण्णांच्या नावापुढे त्या गोळीचे नाव मी लाल शाईने लिहिले आहे, कारण ती त्यांना आता जन्मात पुन्हा द्यायची नाही. आळीतली माणसे अजूनही वेष्टने घेऊन माझ्याकडे येतात. मी अक्षरे वाचून दाखवतो आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवतो. माझी प्रॅक्टिस बसली आहे, आणि तिच्या बसण्याचे मला मुळीच दुःख नाही.